घड्याळाची केस उघडण्यापूर्वी

कोलकात्यात लालबाजारच्या पोलीस मुख्यालयाला लागूनच राधाबाजार आहे. घड्याळांचा हा जुना घाऊक बाजार. भिंतीवरची घड्याळं, गजराची घड्याळं, मनगटी घड्याळं, पट्टे, काचा, सेल, काटे, चाव्या, पिना... घड्याळाशी ज्याचा म्हणून संबंध आहे ते सगळं इथे मिळतं, आणि सुटं मिळतं. हे पुस्तक जपानी मनगटी घड्याळांच्या केसविषयी आहे. जपानी कारखान्यांनी घड्याळ कसं बांधलं हे त्यांच्या गुळगुळीत माहितीपत्रकांपेक्षा या बाजारातल्या काउंटरवर जास्त नीट कळतं, म्हणून सुरुवात इथून.

घड्याळांवर लिहिणारे बहुधा मशीनवर लिहितात. ज्वेल किती, तासाला ठोके किती, दिवसाला किती सेकंद पुढे-मागे. केस म्हणजे मशीनचं आवरण. तिच्याबद्दल व्यास आणि जाडी सांगितली की लेखक पुढे सरकतो. माझं म्हणणं वेगळं आहे. जपानी घड्याळांनी भारतात जे लांबलचक आयुष्य काढलं, ते जितकं मशीनच्या बळावर, तितकंच केसच्या बळावर. ही केस जोडून केलेली आहे, त्यामुळे ती उघडता येते, तिचा एकेक भाग बदलता येतो आणि पुन्हा मिटता येते. या सोयीचे फायदे आपण पिढ्यान्‌पिढ्या घेतले. तिने एक अडचणही मागे ठेवली, तिच्याकडे पुढे येतो.

आधी एक घड्याळ काउंटरवर ठेवू. सेइकोचं एसकेएक्स००७ : १९९६ साली बाजारात आलेलं, पाणबुड्यांसाठीचं, २०० मीटर खोलीपर्यंत चालणारं. ते पालथं घाला. मागच्या ढक्कनाच्या कडेला खाचा आहेत. त्यांत किल्लीचे दात बसवून फिरवलं की ढक्कन सुटतो. आत रबराची बारीक रिंग आणि तिच्या आड अर्धवर्तुळाकार रोटर. रोटर बाजूला सरकवला की चावीच्या, म्हणजे वेळ लावायच्या बोंडाच्या, मुळापाशी एक चिमुकली पट्टी दिसते. चावीचे आटे आधी सोडवून घ्यायचे, पट्टीवर टोकदार सळईने हलकं दाबायचं आणि चावी ओढायची. ती दांड्यासकट हातात येते. मग घड्याळ तळहातावर उलटं केलं की डायल आणि काट्यांसह अख्खं मशीन, भोवतालच्या प्लॅस्टिकच्या रिंगेसकट, बाहेर. आता केसकडे वळायचं. काचेभोवतीचं फिरतं कडं, म्हणजे बेझल, दाबून बसवलेलं असतं. बोथट पातं खाली सरकवून उचकलं की निघतं. तेवढ्यात त्याखालची इवलीशी गोळी आणि स्प्रिंग उडून फरशीच्या फटीत जाणार नाही एवढं बघायचं. काच गॅस्केटमध्ये दाबून बसवलेली. तिच्या खाली मिनिटांच्या खुणांची रिंग, तीही सुटी. अख्ख्या केसमध्ये डिंक लागलेला असतो तो बेझलवरच्या आकड्यांच्या चकतीला. बाकी सगळं आटे, दाब आणि रबर यांच्यावर उभं आहे.

हे सगळं झाल्यावर हातात जो पोलादाचा तुकडा उरतो, पट्टा अडकवायची चार शिंगं असलेला, तो केसचा गाभा. बाकी प्रत्येक भाग दुसऱ्या घड्याळातून आणता येतो किंवा नवा बसवता येतो.

त्या ढक्कनावर एक क्रमांक कोरलेला आहे : ७एस२६-००२०. पहिले चार अक्षरांक मशीनचे, पुढचे चार केसचे. मधल्या आडव्या रेघेत सेइकोचं सगळं धोरण आहे. मशीन ही एक वस्तू, केस ही दुसरी, आणि दोघांचं लग्न कारखान्यात लागतं. ७एस२६ हे मशीन कितीतरी वेगवेगळ्या केसमध्ये बसलं : कुठे सूट-टायला शोभेल असं गोल घड्याळ, कुठे पाणबुड्याचं जाडजूड, कुठे सैनिकी थाटाचं. कारखान्यातल्या सुट्या भागांच्या क्रमांकांमध्येही हीच शिस्त आहे. सेइकोच्या काचेच्या कोडचे पहिले तीन आकडे तिचा व्यास सांगतात; ३१५ म्हणजे ३१.५ मिलिमीटर. काच फुटली तर घड्याळजीला घड्याळाचं नाव माहीत नसलं तरी चालतं. मोजमाप कळलं की काम होतं.

या विचाराचं मूळ १९६०च्या दशकात आहे. १९६३ साली सेइकोने स्पोर्ट्समॅटिक फाइव्ह बाजारात आणलं. नावातले पाच म्हणजे पाच गुण : आपोआप चावी बसणं, वार आणि तारीख एकाच खिडकीत, पाण्यापासून बचाव, चारच्या जागी आत दडवलेली चावी, आणि टिकाऊ केस व पट्टा. नीट पाहिलं तर पाचांतले तीन गुण केसचे आहेत. चावी चारवर नेण्याचं कारणही सरळ होतं. मनगटाच्या हालचालीने घड्याळ आपोआप चालत असेल तर चावीला रोज हात लावावा लागत नाही. मग ती मनगटाच्या मागच्या बाजूला टोचत राहण्यापेक्षा केसमध्ये खोलगट जागा करून बसवलेली बरी. मशीनने दिलेली सवलत केसने अशी वसूल केली. त्या काळी सेइकोची घड्याळं सुवा आणि दाइनी या दोन भावंडकारखान्यांत बनत, आणि त्यांची आपसात जोरदार चुरस होती. एकाच नावाखाली इतक्या तऱ्हेच्या केस निघाल्या त्याला ही चुरसही कारण आहे.

भारतात ही रचना दोन वाटांनी आली. पहिली वाट सरकारी. हिंदुस्तान मशीन टूल्स, म्हणजे आपली एचएमटी, हिने जपानच्या सिटिझन कंपनीशी करार केला आणि १९६१ साली बंगळुरूत मनगटी घड्याळांचा कारखाना काढला. ‘जनता’ आणि ‘पायलट’ ही तिची हाताने चावी द्यायची घड्याळं आतून एकाच सिटिझन घराण्याची. त्यामुळे ‘जनता’चं मशीन ‘पायलट’च्या उपयोगी पडतं, हे तालुक्याच्या गावातल्या घड्याळजीलाही ठाऊक असे. दहावी पास झाल्यावर, नोकरी लागल्यावर, लग्नात जावयाला एचएमटी मिळण्याचा तो काळ महाराष्ट्रातल्या घराघरांत आठवणीत आहे. पण आपल्या मनगटावर जपानी बांधणीचं घड्याळ आहे असं तेव्हा फार थोड्यांच्या मनात आलं असेल.

दुसरी वाट चोरटी. परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक बंधनं होती, म्हणून सेइको, सिटिझन आणि पुढे कॅसिओ मागच्या दाराने येत. कोलकात्यात खिदिरपूरच्या गोदीजवळची फॅन्सी मार्केट अशा परदेशी मालासाठी प्रसिद्ध होती. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास तोच धंदा चाले. रत्नागिरी-रायगडकडची माणसं आखातातून सुट्टीवर येताना घरच्यांसाठी घड्याळं आणत. अशा घड्याळाला पावती नाही, हमी नाही आणि अधिकृत दुरुस्ती केंद्रही नाही. ते बंद पडलं की गल्लीतल्या घड्याळजीकडे जायचं. त्याच्याकडे नवे भाग नसत, पण बंद पडलेली जुनी घड्याळं पुष्कळ असत. एकाची काच, दुसऱ्याची चावी, तिसऱ्याचं मशीन, असं करत तो गिऱ्हाइकाचं घड्याळ चालू करी. जपानी केस सुटी होणारी नसती तर हा सगळा उद्योग पहिल्याच पायरीवर अडला असता.

सगळीच जपानी घड्याळं मात्र अशी उघडणारी नाहीत. या पुस्तकाचा एक मोठा भाग त्याच देशातल्या उलट्या विचारावर आहे. १९६८ साली हिरोशिमाजवळच्या कुरे इथल्या एका व्यावसायिक पाणबुड्याने सेइकोला पत्र लिहून कळवलं की खोल पाण्यात दिवसचे दिवस काम करणाऱ्यांच्या उपयोगाचं घड्याळ बाजारात नाही. अशा कामात पाणबुडे हेलियम मिसळलेल्या हवेत राहतात. हेलियमचे कण इतके सूक्ष्म की ते रबरातूनही केसमध्ये शिरतात आणि वर येताना आतून दाब देऊन काच उडवतात. स्विस कंपन्यांनी त्यावर हेलियम बाहेर सोडणारी झडप बसवली. सेइकोच्या इकुओ तोकुनागा यांनी हेलियम आत शिरूच नये असा मार्ग शोधला. सात वर्षांनी, १९७५ मध्ये, ६०० मीटरचं घड्याळ आलं : टायटॅनियमची, मागे ढक्कनच नसलेली अखंड केस, इंग्रजी ‘एल’च्या आकाराचं गॅस्केट, आणि वरून धक्के झेलणारं वेगळं बाह्य कवच. अशा घड्याळाचं मशीन काच काढून समोरून बाहेर घ्यावं लागतं. राधाबाजारातल्या साध्या काउंटरवर हे काम घेणारा माणूस सहज सापडत नाही. तरीही त्या घड्याळाचं बाह्य कवच स्क्रूने लावलेलं, सुटं आणि बदलता येणारं आहे. आतलं कायमचं बंद करायचं आणि ठेच ज्याला लागणार ते बाहेरचं सुटं ठेवायचं, ही वाटणी विचारपूर्वक केलेली आहे.

कॅसिओने तीच वाटणी स्वस्त घड्याळात आणली. कॅसिओचे अभियंते किकुओ इबे यांचं, वडिलांनी भेट दिलेलं घड्याळ पडून फुटलं, आणि न फुटणारं घड्याळ बनवायचं त्यांनी मनावर घेतलं. सुमारे २०० नमुने झाले. टोकियोजवळच्या हामुरा इथल्या संशोधन केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहाच्या खिडकीतून ते खाली टाकून पाहिले जात. एप्रिल १९८३ मध्ये पहिलं जी-शॉक, डीडब्ल्यू-५०००सी, विक्रीला आलं. त्याची कल्पना डब्यातल्या डब्यासारखी आहे : इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आतल्या केसला सगळीकडून न चिकटता मोजक्या ठिकाणी टेकतं, आणि पोलादी केसवर युरेथेनचं बाहेरचं बेझल चढतं. पडल्यावर फटका बाहेरचा डबा खातो, आतल्याला त्याची झळ कमी लागते. कोलकात्याच्या दमट हवेत हे युरेथेन वर्षांमागून वर्षं ओल खातं, कडक होतं, तडकतं आणि शेवटी हातात तुकडे येतात. मॉड्यूल तोवर ठणठणीत असतं. थोडे स्क्रू काढून नवं बेझल आणि पट्टा चढवला की घड्याळ पुन्हा चालतं, तेही पहिल्याच दिवसासारखं दिसत.

हवेचा विषय निघाला म्हणून पाण्याचंही सांगतो. बंगालचा पावसाळा आणि कोकणचा पावसाळा दोन्ही घड्याळाचे शत्रू. केसमध्ये पाणी शिरायच्या तीन वाटा : मागचा ढक्कन, चावी आणि काच. तिन्ही ठिकाणी रबर असतं आणि रबर म्हातारं होतं. ढक्कनावर ‘२०० मीटर’ लिहिलेलं असलं तरी ते नव्या घड्याळाचं वचन आहे. पाच-सात वेळा उघडलेल्या, जुन्या गॅस्केटच्या घड्याळाला ते लागू नाही. भाग बदलता येण्याची जी सोय आहे तिची किंमत इथे मोजावी लागते : जितक्या वेळा केस उघडाल तितक्या वेळा रबर तपासलं पाहिजे, त्याला सिलिकॉनचं बोट लावलं पाहिजे, आणि ते बसकं झालं असेल तर बदललं पाहिजे. सेल बदलून घेताना गिऱ्हाईक हे विचारत नाही, आणि घाईत असलेला कारागीर ते करत नाही.

आता रूपाकडे वळू. १९५९ साली सेइकोत रुजू झालेल्या तारो तानाका यांना टोकियोच्या गिंझा भागातल्या वाको दुकानातल्या काचेच्या कपाटात एक गोष्ट खटकली : स्विस घड्याळांच्या शेजारी ठेवलेली सेइकोची घड्याळं झळकत नव्हती. त्यांनी केससाठी नियमच आखले. पृष्ठभाग सपाट किंवा एकाच दिशेला वळलेले हवेत, त्यांच्यात प्रतिबिंब वेडंवाकडं दिसता कामा नये, कडा धारदार हव्यात. १९६७चं ग्रँड सेइको ४४जीएस हे त्या नियमांचं नमुनेदार उदाहरण. त्याच्या शिंगांवर प्रकाश पडला की एक बाजू आरशासारखी उजळते आणि शेजारची काळीभोर होते. दोघींमधली रेघ केसाइतकी बारीक असते.

ती रेघ जपणं मात्र अवघड आहे. आपल्याकडे घड्याळ दुरुस्तीला गेलं की मालकाला ते ‘नवं करून’ हवं असतं, म्हणून कारागीर केस फिरत्या बफवर धरतो. ओरखडे जातात, चकाकी येते, आणि तानाकांच्या धारदार कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात. काच परत मिळते, चावी परत मिळते, बेझल परत मिळतं. घासून गेलेलं पोलाद परत मिळत नाही. जोडून केलेल्या या घड्याळात न बदलता येणारी एकच गोष्ट आहे, गाभ्याच्या कडा, आणि त्याच आपण हौसेने घासून टाकतो.

इथून ती अडचण सुरू होते जिचा उल्लेख मी आरंभी केला. प्रत्येक भाग बदलता येत असेल तर घड्याळ मूळचं म्हणायचं कधीपर्यंत? इंटरनेटवर जुनी घड्याळं विकली जाऊ लागल्यावर जगभरच्या संग्राहकांनी एका जातीला ‘मुंबई स्पेशल’ असं नाव ठेवलं. जुन्या सेइको ५चं मशीन, कुठल्या तरी दुसऱ्या मॉडेलची केस, नव्याने भडक निळी, केशरी किंवा हिरवी रंगवलेली डायल, तिच्याशी न जुळणारे काटे. घड्याळ चालतं, स्वस्त असतं, आणि जुनं मूळ घड्याळ म्हणून विकलं गेलं की घेणारा फसतो. हे नाव आपल्या मुंबईला लागलं याचा मला राग येतो, पण ते कसं लागलं हे समजून घेतलं पाहिजे. ज्या कौशल्याने आयातबंदीच्या काळात लाखमोलाची घड्याळं जिवंत ठेवली, तेच कौशल्य आता जुन्याच्या नावाखाली विकलं जात आहे. हात तेच आहेत. बदलला तो गिऱ्हाइकाला सांगायचा मजकूर.

मूळपणाचा पुरावा शोधायला गेलं तर केसच पुन्हा पेच टाकते. सेइकोचा अनुक्रमांक ढक्कनावर असतो. त्यातला पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा असतो, दुसरं चिन्ह महिन्याचं : १ ते ९, आणि त्यापुढे ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर यांच्यासाठी ओ, एन, डी. ७एनने सुरू होणारा क्रमांक म्हणजे सात आकडा शेवटी असलेल्या कुठल्या तरी सालचा नोव्हेंबर. दशक मॉडेलवरून ओळखायचं. पद्धत सुबक आहे. पण ढक्कन हा केसचा सगळ्यात सहज निघणारा भाग. दुसऱ्या घड्याळाचा ढक्कन फिरवून बसवला की जन्मतारीख बदलली. म्हणून या पुस्तकात मी एकाही खुणेवर एकटीवर विश्वास ठेवायला सांगितलेलं नाही. ढक्कनावरचा क्रमांक, डायलच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेला कोड, मशीनवरचा क्रमांक, चावीची जागा, काट्यांवरच्या चमकत्या रंगाचं वय आणि गाभ्याच्या कडा, या सगळ्यांचं एकमेकांशी जमतं का, हे पाहायला शिकायचं. एखाद्या डायलचे पाय, म्हणजे तिच्या मागच्या बारीक पिना, कापून ती मशीनवर चिकटवलेली असेल, तर ती त्या केसची नव्हे हे लगेच उघड होतं.

पुस्तकाची मांडणी चार भागांत आहे. पहिल्या भागात केसचे सुटे भाग, प्रत्येकाचं काम आणि ते कसे बिघडतात. दुसऱ्यात सेइको, सिटिझन, ओरिएंट आणि कॅसिओ यांच्या केसचा इतिहास, उघडणाऱ्या आणि न उघडणाऱ्या अशा दोन्ही परंपरांचा. तिसरा भाग भारताचा : एचएमटी, गोदीवरचा माल, राधाबाजार आणि मुंबईचे दुरुस्ती कारागीर. चौथा जुनं घड्याळ विकत घेणाऱ्यासाठी. बाजारभाव मी मुद्दाम दिलेले नाहीत. ते छापून होईपर्यंत शिळे होतात. शब्द जिथे शक्य तिथे कारागिरांचेच वापरले आहेत. दुकानात चावी म्हणतात, ढक्कन म्हणतात, मशीन म्हणतात, आणि पुस्तक वाचून दुकानात जाणाऱ्याला तेच उपयोगी पडेल.

हे वाचणाऱ्यांत संग्राहक असतील, हौसेने घरी सुटे भाग जोडणारे तरुण असतील आणि वडिलांचं बंद पडलेलं घड्याळ कपाटात असलेले पुष्कळ जण असतील. तिघांना मिळून एकच सांगणं आहे. भाग बदलण्यात काही कमीपणा नाही. घड्याळ त्यासाठीच तसं बांधलं आहे. कमीपणा न सांगण्यात आहे. घड्याळ विकताना काय बदललं याची चार ओळींची यादी द्या, आणि घेताना ती मागा. दुरुस्तीला देताना जुना भाग परत मागून पाकिटात ठेवा, आणि ‘पॉलिश नको’ हे दोन शब्द तोंडी न सांगता पावतीवर लिहून घ्या.

आज मनगटावर येणारी अनेक स्मार्ट घड्याळं डिंकाने बंद केलेली असतात. बॅटरी थकली की दुरुस्तीपेक्षा नवं घेणं स्वस्त पडतं. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी वेगळं संकेतस्थळ सुरू केलं, म्हणजे हा प्रश्न आता घड्याळजीच्या टेबलापुरता राहिलेला नाही. वस्तू उघडता यावी, तिचे भाग मिळावेत, आणि त्या भागांचे क्रमांक उघड असावेत, ही मागणी करताना १९६३ साली सेइकोने आणि त्याच सुमारास एचएमटीने सामान्य माणसाच्या किमतीत ते करून दाखवलं होतं, हा दाखला हाताशी असू द्यावा. पुढची पानं त्या दाखल्याचा तपशील आहेत.

कोलकाता